खरारा

‘ग्रूमिंग’ला मराठीत शब्दच नाही, असे परवा एका प्राध्यापक मित्राने ठासून सांगितले. शब्द आहे : खरारा. घोड्याच्या अंगाला खरारा करणे ही कृती भाषेने केव्हाच नोंदवून ठेवली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात. त्यालाही ‘खांदेमळणी’ हे नाव आहे. मात्र ही सारी शब्दसंपत्ती राबणाऱ्या जनावरांची. घरात लोळणाऱ्या केसाळ कुत्र्यासाठी ती वापरावी, असे आपल्या मनातही येत नाही.

आपण ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो, ते बहुधा इंडियन स्पिट्झ असते. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावीही ते आता नवलाचे राहिलेले नाही. त्याची निगा मात्र आपल्या भाषेत आलेली नाही, आणि माझ्या मते हा केवळ परिभाषेचा प्रश्न नव्हे.

आपल्या परंपरेत कुत्रा आहे, पण तो कशाचे तरी प्रतीक म्हणून. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात. ते चार वेद. आमच्याच हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव इथे लहान मुलांनाही ठाऊक असतात. त्या कथेत भक्ताचा भाव दिसतो, तूप दिसते. कुत्र्याचे अंग दिसत नाही. (कथेचे ते प्रयोजनही नाही, हे मान्य.) प्रतीकावर माया करणाऱ्याला प्रत्यक्ष अंगाची माहिती असतेच असे नाही.

माझे तसेच झाले. गेल्या वर्षी मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि मी कळवळून आमच्या कुत्र्याचे केस मशीनने पार उतरवले. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ केस, आत मऊ दाट लव. दोहोंमध्ये अडकलेली हवा थंडीप्रमाणे उष्णताही अडवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून निवतो. म्हणजे केस उतरवून मी त्याला गारवा दिला नाही, उन्हापुढे उघडे मात्र केले.

त्याला हवा होता तो खरारा. आता आठवड्यातून तीनदा केस थोडे थोडे बाजूला सारून मुळापासून विंचरतो. कानांमागे, काखेत, मागच्या पायांआड गाठी होतात. त्या आंघोळीआधीच बोटांनी सोडवाव्या लागतात, कारण ओल्या झाल्या की त्या अधिकच घट्ट होतात. आंघोळीनंतर आतली लव पूर्ण सुकवायची, नाहीतर ओल धरून कातडी चिघळते. या कामाला अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा लागतो.

पाठीवरचा एक पट्टा अजून विरळच आहे. तिथे कंगवा हलक्या हाताने फिरवतो.