विमान झाले, निवाऱ्याचे काय?

कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभारले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात झळकले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली. चाचणीसाठी मात्र धुळ्याची धावपट्टी गाठावी लागली. जिद्दीचे कौतुक झाले. परंतु खासगी लहान विमानाने उभे राहावे कोठे, हा मूळ प्रश्न मागेच राहिला. १९२८ सालच्या जुहू विमानतळावर आज हेलिकॉप्टरांचाच वावर अधिक. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा उघड्यावरील धातू पोखरते. तेव्हा हँगर ही चैन नव्हे, सुरक्षिततेची अट आहे. जिल्ह्याच्या धावपट्ट्यांवर शासनाने माफक भाड्याचे साधे हँगर बांधले, तर उद्याच्या संशोधकास गच्ची शोधावी लागणार नाही. कौतुकाच्या शालीने विमान झाकता येत नाही!