आम्ही, आपण आणि नोसोत्रोस

परदेशी जाऊन भाषा शिकून आलेल्या माणसाला परतल्यावर एक प्रश्न हटकून विचारला जातो : "मग, तिथल्या लोकांशी मैत्री झाली की नाही?" विचारणाऱ्याला "हो" हेच उत्तर हवे असते. आम्हीही बरेच दिवस तेच देत होतो. पुढे ते देणे आम्ही थांबवले. त्यामागे कडवटपणा नाही. उलट जे घडले त्याला मैत्री म्हणणे हा त्याचा थोडा अपमानच ठरेल, असे आम्हांला वाटू लागले आहे.

२०१९च्या जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही दोघे ग्वाटेमालामधील केत्साल्तेनांगो येथे सहा आठवडे स्पॅनिश शिकत होतो. स्पॅनिशसाठी स्पेन सोडून तिथे का, हा प्रश्न रास्त आहे. १२१८ साली स्थापन झालेले विद्यापीठ ज्या गावात आहे ते सालामांका आम्हांलाही मोहात पाडत होते, पण ते परवडण्याजोगे नव्हते. ग्वाटेमालात एका विद्यार्थ्यासमोर एक शिक्षक, रोज चार-पाच तास, आणि राहणे-जेवणे एखाद्या स्थानिक कुटुंबात, अशी व्यवस्था तुलनेने स्वस्तात मिळते. केत्साल्तेनांगोला तिथले लोक 'शेला' म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३३० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून हजारभर मीटर उंच. जानेवारीत तिथे रात्री दात वाजतात, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही घोळ घातला. यजमानीणबाईंनी आम्ही कुठले म्हणून विचारले. पुण्यातल्या वर्गात पाठ केलेले वाक्य आम्ही खणखणीत म्हटले : "सोमोस इंदिओस." आम्ही इंडियन आहोत. टेबलावर शांतता पसरली. धाकट्या मुलाने हसू दाबले, आजीबाईंनी ताटातली नजर उचलली नाही. मग यजमानीणबाईंनी हलक्या आवाजात दुरुस्ती केली : इथे 'इंदू' म्हणावे, नाहीतर 'भारतातले' असे म्हणावे.

'हिंदू' या शब्दातला ह स्पॅनिशमध्ये उच्चारला जात नाही, म्हणून तो 'इंदू'. आमच्या आज्यांच्या पिढीतल्या कुणा इंदूची आठवण व्हावी असा. धर्म कुठलाही असो, भारतातून आलेला तो इंदू. याचे कारण 'इंदिओ' हा शब्द पाचशे वर्षांपूर्वीच दुसऱ्यांवर खर्च होऊन बसला आहे. कोलंबसाने आपल्या शोधात निघून ज्यांना आपले नाव दिले, त्यांच्या वंशजांना ग्वाटेमालात आजही हा शब्द शिवीसारखा ऐकावा लागतो. सभ्य माणसे 'इंदीहेना' म्हणतात. आमचे यजमान कुटुंब लादिनो, म्हणजे मायावंशीय म्हणून न गणले जाणारे. त्यांच्या टेबलावर आम्ही आनंदाने स्वतःला ती शिवी देऊन मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी हा किस्सा आम्ही शिक्षिकेला सांगितला. (खरे तर दोघांना दोन शिक्षक मिळायचे, आम्ही हट्टाने एकच घेतली, पैसे मात्र दोघांचे भरले.) तिथे शिक्षिकेला 'सेन्यो' म्हणतात, आम्हीही तसेच म्हणत असू. सेन्यो खूप हसल्या. मग म्हणाल्या, "नोसोत्रोस ताम्बिएन." आम्हीसुद्धा. सेन्यो माम होत्या.

ग्वाटेमालात बावीस माया भाषा आहेत, त्यांपैकी माम ही एक. केत्साल्तेनांगोच्या परिसरात किचे आणि माम या दोन्ही बोलल्या जातात. २००३च्या कायद्याने या भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा मिळाला; राजभाषा मात्र स्पॅनिशच. सेन्यो स्पॅनिश शिकल्या त्या सातव्या वर्षी, शाळेत. म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही 'अस्सल' स्पॅनिश शिकायला अर्धी पृथ्वी ओलांडली होती, त्यांनाही ती शिकावीच लागली होती, आणि आमच्यासारखी हौसेने नव्हे. त्यांच्या मुलांना माम समजते, बोलता येत नाही. हे सांगताना त्यांचा स्वर अगदी साधा होता.

स्पॅनिश शिकवून मिळालेल्या पैशावर माया भाषांचा अभ्यास उभा राहिल्याचेही उदाहरण त्या देशात आहे. अँटिग्वा येथे १९६९ साली 'प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकिन' ही संस्था निघाली. परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवायचे आणि त्या बळावर मायाभाषकांनाच भाषाशास्त्राचे शिक्षण देऊन त्यांच्या भाषांचे कोश-व्याकरण करायचे, असा तो उद्योग. भाषापर्यटनाला सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

तिसऱ्या आठवड्यात सर्वनामांची उजळणी चालली होती. 'नोसोत्रोस' म्हणजे आम्ही की आपण, असे आम्ही विचारले. सेन्योंना प्रश्न कळेना. मग वहीत तीन वर्तुळे काढून समजावले : आमच्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून असेल तर 'आपण', त्याला वगळून असेल तर 'आम्ही'. सेन्योंनी पेन खाली ठेवले. माममध्ये असेच आहे, म्हणाल्या. रूपाच्या अखेरीस एक लहानसे शेपूट जोडले की ऐकणारा बाहेर. न जोडले की तो आत. आजवरच्या विद्यार्थ्यांपैकी, इंग्रज असोत की जर्मन, कुणालाच हा भेद चटकन उमगला नव्हता. त्या दिवशी स्पॅनिश तशीच राहिली. अर्धा तास आम्ही तिघे मराठी आणि माम वाक्ये एकमेकांसमोर मांडत बसलो, मधे पूल म्हणून मोडकीतोडकी स्पॅनिश.

गंमत अशी की 'नोसोत्रोस' हा शब्द फोडला तर त्यात 'नोस' आणि 'ओत्रोस' निघतात : आम्ही, इतर. मुळात तो वेगळेपणा ठसवण्यासाठीच आलेला असावा. वापरून वापरून त्याची धार गेली आणि तो सगळ्यांना पोटात घेऊ लागला.

या धड्याचा उपयोग पुढच्या आठवड्यात झाला. सेन्यो आपल्या लहानपणाविषयी बोलत होत्या. ऐंशीच्या दशकात गाव सोडावे लागले, असे सांगताना वाक्य 'नोसोत्रोस'ने सुरू झाले. क्षणभर थांबून त्यांनी ते सर्वनाम माममध्ये पुन्हा उच्चारले, शेपटासह. अर्थ विचारावा लागला नाही. पुढे त्या फारसे बोलल्या नाहीत, आम्हीही काही विचारले नाही.

ग्वाटेमालातील यादवी १९६०पासून १९९६पर्यंत चालली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली; ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हे आकडे आम्ही जाण्यापूर्वीच वाचले होते. त्या शेपटाने जे कळले, ते आकड्यांनी कळले नव्हते. ते असे, की या वाक्यात आम्हांला जागा नाही, आणि ती मागण्याचा अधिकारही नाही.

रिगोबेर्ता मेंचू यांची कहाणी इथे आठवते. त्या किचे. १९८२मध्ये पॅरिसला त्यांनी आपले आयुष्य एलिसाबेथ बुर्गोस यांना स्पॅनिशमध्ये सांगितले, पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले, १९९२मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. पुस्तकाचे नाव 'मे यामो रिगोबेर्ता मेंचू' असे सुरू होते. 'मे यामो', माझे नाव अमुक, हे स्पॅनिशच्या पहिल्या धड्यातले पहिले वाक्य. आम्ही ते ओळख करून घ्यायला वापरतो, त्यांनी ते साक्ष द्यायला वापरले. ही कहाणी एकट्या आपली नसून आपल्या सगळ्या लोकांची आहे, असे त्या आरंभीच सांगतात. १९९९मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉल यांनी त्यातले काही प्रसंग त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचे नाहीत असे दाखवले, आणि मोठा गदारोळ झाला. त्या वादात कोण किती बरोबर, हे ठरवायला इथे जागा नाही. पण वादाचे मूळ एका सर्वनामातच आहे : 'मी' म्हणताना कोणाकोणाला आत घ्यायचे.

उलट, ज्यांच्याशी आमची झटकन 'मैत्री' झाली ते सारे प्रवासीच होते. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात डच, अमेरिकन, इस्रायली मुले भेटत. कुठून आलात, किती दिवस आहात, पुढे कुठे जाणार : तीन प्रश्नांत ओळख, चौथ्याला इंग्रजीत 'आपण'. सांता मारिया ज्वालामुखीवर बरोबर चढलो, छायाचित्रे काढली, पत्ते दिलेघेतले. आता त्यांतल्या एकाचेही नाव आठवत नाही.

मराठी वाचकाला मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका घरबसल्या भेटली ती मीना प्रभूंच्या 'मेक्सिकोपर्व' आणि 'दक्षिणरंग'मुळे. ते ऋण आम्हीही मानतो. आमची तक्रार एका वृत्तीविषयी आहे. परक्या घरी दोन वेळा जेवलो की 'माणूस इथूनतिथून सारखाच' असे लिहून टाकण्याची आपल्याकडे फार घाई असते. यजमानीण मायेने वाढते, आपल्याला आई आठवते, आणि त्या वाढण्याचे आठवड्याचे पैसे तिला शाळेकडून मिळतात ही गोष्ट वर्णनातून गळते. का गळावी? आमच्या यजमानीणबाई काळ्या घेवड्याची उसळ तिसऱ्यांदा वाढत, ती व्यवहार म्हणूनही आणि आपुलकीनेही. दोन्ही एकदम असू शकते. पुण्यात खाणावळ चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक आहे. पैसे दिल्यामुळे भेट खोटी ठरत नाही. ते लपवून तिला 'घरचीच माणसे' म्हटले की मात्र खोटेपणा सुरू होतो.

ग्वाटेमालात तू-तुम्हीचेही तीन थर आहेत : बोस, तू आणि ऊस्तेद. (त्यांचा 'तू' आपल्या 'तू'शी उच्चारानेही जुळतो.) जवळच्या माणसाला बोस. सेन्योंनी आम्हांला सहाही आठवडे ऊस्तेदच म्हटले. एकदा धीर करून आम्ही बोस वापरून पाहिले. त्यांनी क्रियापदाचे रूप बरोबर करून दिले आणि उत्तर ऊस्तेदमध्ये दिले.

२०२०च्या मार्चमध्ये ग्वाटेमालाच्या सीमा बंद झाल्या, परदेशी विद्यार्थी नाहीसे झाले. काही आठवड्यांनी सेन्योंचा निरोप आला : शाळा बंद आहे, पडद्यावर शिकवते आहे, हवे असल्यास तासाचे दर असे असे. आम्ही लगेच होकार कळवला. तो वर्ग अजून चालू आहे. दर मंगळवारी आमच्या रात्रीच्या आठला, त्यांच्या सकाळी साडेआठला. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला जातात. मागच्या मंगळवारी त्यांच्या धाकट्या मुलीने पडद्यात डोकावून विचारले, हे कोण? सेन्योंनी मामेमध्ये काहीतरी सांगितले. मुलगी हसली आणि निघून गेली. काय सांगितले ते आम्ही विचारले, तेव्हा सेन्यो म्हणाल्या, आधी मागच्या वेळचा गृहपाठ दाखवा.