हातानें घडविलेला आधार

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील ४४ व्या अध्यायांत एका कारागिराचें वर्णन आहे. तो एका झाडाच्या अर्ध्या लांकडावर भाकर भाजतो व अंग शेकतो, आणि उरलेल्या लांकडाचा देव घडवून त्याच्यापाशीं रक्षणाची याचना करितो. हें वाचून आपणांस हसूं येतें. परंतु संदेष्टा हें स्वजनांसच सांगत होता. तेव्हां आम्हीं ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपलें घर पाहावें हें बरें. कारण पौलानें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत लोभालाच मूर्तिपूजा म्हटलें आहे.

असा एक देव आपल्या खानदेशच्या काळ्या जमिनींतहि उगवला होता. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडील कापसाचे भाव अतोनात चढले. त्या पैशावर मुंबईंत नव्या कंपन्या व पेढ्या निघाल्या. ही भरभराट कायमची, असें शहाण्यांसहि वाटूं लागलें. पुढें युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजीं सौदे पुरे करण्याचा दिवस येतांच कित्येक धनिकांचें दिवाळें वाजलें. बँक ऑफ बॉम्बेहि १८६८ सालीं गुंडाळावी लागली.

ह्यांत कापसाचा दोष नव्हता, जसा त्या कारागिराच्या लांकडाचाहि नव्हता. लांकूड भाकरीकरितां आणि कापूस वस्त्राकरितां देवानेंच दिला. तो आपणांस तारील हा भरंवसा मात्र खोटा होता.

आतां पालकांस एक विनंति. आज धुळें-जळगांवांतील घराघरांतून गुणपत्रिकेस हेंच स्थान मिळूं लागलें आहे. अनुत्तीर्ण झालेलें मूल घरीं येण्यास भितें, तेव्हां त्या कागदापुढें आपण कोणाचा बळी देत आहों ह्याचा विचार करावा. मुलांनो, अभ्यास मनापासून करा; परंतु जी वस्तु गेली असतां आपणहि संपलों असें वाटतें, ती आपली मूर्ति झाली असें समजा. गुणपत्रिका आपण मिळवितों. आपणांस मात्र देवानें निर्मिलें आहे. म्हणून निकालाच्या दिवशीं, तो कसाहि लागो, निर्भयपणें घरीं जा, आणि आईबापांनीं दार उघडें ठेवावें.