गादी, वाटी आणि आठ दिवस

२०१० च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात दोन गुडघ्यांची चर्चा होती. एक आईचा, साताऱ्यातला. दुसरा ब्रँडन रॉयचा, पोर्टलंडमधला.

तेव्हा मी अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या हिल्सबरो गावी नोकरीला होतो. शनिवारी रात्री घरी फोन लावायचा, म्हणजे साताऱ्यात रविवारचा पहिला चहा झालेला असे. आईची सुरुवात ठरलेली. डावा गुडघा, जिना, डॉक्टर काय म्हणाले. ते संपलं की मी पोर्टलंडच्या बास्केटबॉलवर यायचो, कारण त्या गावात राहून दुसरं बोलणार काय? हिल्सबरोहून मॅक्स नावाच्या गाडीत बसलं की तासाभरात रोझ गार्डन या स्टेडियमच्या दाराशी. ट्रेल ब्लेझर्स हा शहरातला तेव्हाचा एकमेव मोठा संघ. घरच्या सामन्यात शंभर गुण झाले की सगळ्यांना चालुपा नावाचा मेक्सिकन धाटणीचा खाऊ फुकट मिळायचा, आणि नव्वदी ओलांडली की अख्खं स्टेडियम ‘चालुपा, चालुपा’ ओरडू लागायचं. पंचवीस वर्षांचा रॉय या गावाचा लाडका. शेजारच्या सिअ‍ॅटलचा मुलगा, २००७ चा सर्वोत्तम नवोदित, ओळीनं तीन वर्षं ऑल-स्टार. धावपळ न करता खेळायचा. गर्दीतून असा निघायचा, की ओळखीच्या बोळातून घरी चाललाय.

११ एप्रिलला त्याच्या उजव्या गुडघ्यातला मेनिस्कस फाटला. १६ तारखेला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. २४ तारखेला, फीनिक्सविरुद्धच्या प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात, तो मैदानात उतरला. मधे फक्त आठ दिवस. बाकावरून येऊन त्यानं दहा गुण केले आणि पोर्टलंड जिंकलं. त्याच रात्री मी उत्साहानं आईला हे सांगितलं.

“आठ दिवसांत?” आई म्हणाली. “अरे, कान टोचला तरी आपण पंधरा दिवस जपतो.”

मला तेव्हा हसू आलं. पण सगळ्या प्रश्नाचं मूळ तेच होतं.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्या मधली गादी. प्रत्येक गुडघ्यात दोन, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या. उडी मारून खाली आलं की बसणारा दणका त्या झेलतात आणि पसरवतात. या गादीची बाहेरची कडा सोडली तर आतल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नाही. रक्त नाही, म्हणून फाटलेलं आपोआप जुळत नाही. अशा वेळी डॉक्टरांपुढे ढोबळमानानं दोन वाटा असतात. फाटलेला तुकडा कापून काढायचा, किंवा जागा बरी असेल तर टाके घालून शिवायचा. कापलं तर काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही माणूस चालू लागतो. शिवलं तर कित्येक महिने थांबावं लागतं. शिवलेला मेनिस्कस आठ दिवसांत प्लेऑफला जात नाही. तेव्हा रॉयची वाट कोणती होती, हे सांगायला नको.

कापल्यावर गादी जाते ती जातेच. हाड हाडाच्या जवळ येतं, हाडांच्या टोकांवरची कूर्चा घासायला लागते. मिळालेले आठवडे म्हणजे गुडघ्यावर काढलेलं कर्ज. फेडायचं पुढच्या वर्षांत, व्याजासकट. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रॉयनं स्वतःच सांगून टाकलं, की आपल्या दोन्ही गुडघ्यांत मेनिस्कस उरलेलाच नाही. ही बातमी मी आईला सांगितली.

“वय काय त्याचं?”

“सव्वीस.”

“अगं बाई! म्हणजे माझ्यापेक्षा गेलेले.”

त्या हिवाळाभर शहरात एकच विषय. आदल्या वर्षीच रॉयशी पाच वर्षांचा, सुमारे ८ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी, की विश्रांती घ्यावी, की रोज थोडी मिनिटं खेळून दिवस ढकलावेत? कॉफीच्या रांगेत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये जो तो अर्धा डॉक्टर. शिवाय पोर्टलंडला भीतीही होती. बिल वॉल्टननं १९७७ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं आणि पुढच्याच वर्षी त्याचं पाऊल मोडलं. १९८४ मध्ये मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बोवीला घेतलं, त्याच्या पायाची हाडं पुन्हा पुन्हा मोडली. २००७ मध्ये केव्हिन ड्युरँटला सोडून ग्रेग ओडनला घेतलं, त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर मायक्रोफ्रॅक्चर करावं लागलं. या शस्त्रक्रियेत हाडाला बारीक छिद्रं पाडतात, रक्त वर येतं आणि नवी कूर्चा धरेल अशी आशा बाळगतात. ओडनची दुसरी शस्त्रक्रिया त्याच नोव्हेंबरमधली. गावाला दृष्ट लागलीय, असं चांगली शिकलेली माणसं गंभीरपणे म्हणत.

जानेवारी २०११ मध्ये रॉयनं दोन्ही गुडघे दुर्बिणीतून साफ करून घेतले आणि फेब्रुवारी संपायच्या आत तो परतला. पण आता तो पहिल्या पाचांत नव्हता. डॅलसविरुद्धच्या प्लेऑफमधल्या दुसऱ्या सामन्यात त्याला आठ मिनिटं मिळाली, गुण शून्य.

चौथा सामना २३ एप्रिलला, शनिवारी. मी स्टेडियममध्ये होतो, अगदी वर, जिथून खेळाडू अंगठ्याएवढे दिसतात. पोर्टलंड २३ गुणांनी मागे पडलं तेव्हा माझ्या रांगेतली चार माणसं उठून गेली. मग शेवटचं सत्र सुरू झालं आणि तो जुना, ओळखीच्या बोळातून निघणारा मुलगा पुन्हा दिसला. एका सत्रात १८ गुण. तीन गुणांचा फटका, वर फाऊल, त्याचा एक, आणि बरोबरी. शेवटच्या मिनिटात बोर्डावर आपटून आत गेलेला चेंडू. ८४-८२. शंभर झाले नाहीत, चालुपा मिळाला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या शेजारचा धिप्पाड गृहस्थ टोपीत तोंड खुपसून रडत होता.

पोर्टलंड ती मालिका हरलं. डिसेंबरमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यावरून रॉयनं निवृत्ती जाहीर केली. वय सत्तावीस. २०१२ मध्ये मिनेसोटाकडून पुन्हा प्रयत्न केला, पाच सामने झाले, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि संपलं.

म्हणजे त्या आठ दिवसांनी घात केला? असं म्हणायला मन होतं, पण हिशेब इतका सरळ नाही. २०१३ मध्ये शिकागोच्या डेरिक रोझचा मेनिस्कस पोर्टलंडच्या त्याच स्टेडियममध्ये फाटला. त्यानं संयमाची वाट धरली, शिवून घेतला, अख्खा हंगाम सोडला. २०१५ च्या फेब्रुवारीत तोच मेनिस्कस पुन्हा फाटला आणि या वेळी तुकडा कापावाच लागला. त्याच २०१३ सालात रसेल वेस्टब्रुक या दुसऱ्या एका खेळाडूनंही शिवूनच घेतला, आणि तो पुढे कित्येक वर्षं सुसाट पळत राहिला. गादी कुठे फाटली, किती फाटली, आधी काय काय झालंय, हे सगळं वेगवेगळं. डॉक्टर शक्यता सांगतात. उरलेलं पान कोरं असतं, ते ज्याचा गुडघा त्यानं भरायचं.

ते भरायचं कसं, हे मला आईनं शिकवलं. २०११ च्या पावसाळ्यात मी साताऱ्याला परतलो आणि तिला सर्जनकडे नेलं. एक्स-रे पाहून ते म्हणाले, “आजी, वाटी बदलायला झालीय.” मी विचारायला लागलो, किती दिवस दवाखान्यात, किती दिवसांत चालेल, सांधा किती वर्षं टिकेल. आईनं मला हातानं गप्प केलं.

“मला मांडी घालून विळीवर बसता येईल का?”

“नाही आजी. जमिनीवर बसायचं नाही. खुर्ची वापरायची.”

“मग इतक्यात नको.”

बाहेर आल्यावर मी वैतागलो. ती रिक्षात शांतपणे म्हणाली, “तू गुडघा किती टिकेल ते विचारत होतास. मला त्यानं काय करायचंय, ते मी विचारलं.” पुढची दोन वर्षं ती कण्हत, भिंतीचा आधार घेत, विळीवर बसली. मग गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जिना चढणं अशक्य झालं, तेव्हा विळी आणि कुंड्या यांत तिनं कुंड्या निवडल्या आणि वाटी बदलून घेतली. दोन्ही वेळी ती चुकली नाही, असं मला वाटतं. रॉयनं कोणता प्रश्न विचारला, मला ठाऊक नाही. पण २३ एप्रिलचं ते सत्र पाहिल्यावर, तू जपायला हवं होतंस, असं त्याला तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

रॉय निवृत्त झाला त्या डिसेंबरात मी आईला ते सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता करणार काय पोरगं?” पेपरांत त्याच्या कराराचं काय होणार यावर रकाने भरून येत होतं. मलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

उत्तर यायला जवळजवळ पाच वर्षं लागली. सिअ‍ॅटलच्या नेथन हेल हायस्कूलनं त्याला प्रशिक्षक नेमलं. आदल्या हंगामात तीनच सामने जिंकलेला तो संघ २०१६-१७ मध्ये २९ पैकी २९ जिंकून राज्याचा विजेता झाला. पुढे रॉय गारफील्ड या आपल्या स्वतःच्या शाळेत बास्केटबॉल शिकवायला गेला. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती टेबलाशी खुर्चीत बसून, सुरीला शिव्या घालत, गवार चिरत होती.

“उभ्यानं शिकवतो की बसून?”

“बाकावर बसतो. मधेच उठतो, ओरडतो, परत बसतो.”

“हं,” ती म्हणाली. “म्हणजे खुर्चीवर आला तर.” आणि गवारीची ताटली माझ्यापुढे सरकवली.