डिजिटल अरेस्ट: भीती फसवते, पण राग आणि लाजसुद्धा फसवतात

गेल्या महिन्यात माझ्या काकांना एक व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वर्दीतला माणूस. "तुमच्या आधारवर बुक झालेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. कॉल कट केला तर लगेच अटक." काका गणिताचे रिटायर्ड शिक्षक, रुपयाचाही हिशोब चुकत नाही. तरी दोन तास दार लावून कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. काकूंनी दार ठोठावून उघडायला लावलं म्हणून पैसे वाचले.

'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आपल्या कायद्यातच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. त्याच वर्षी वर्धमान ग्रुपचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांचे ७ कोटी रुपये गेले. त्यांना तर सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवली होती. म्हणजे प्रश्न हुशारीचा नाही. घाबरलेला माणूस "हे खरं आहे का?" असं विचारत नाही, "यातून सुटू कसा?" एवढंच बघतो. आणि सुटकेचा एकच रस्ता समोरच्याने तयार ठेवलेला असतो: पैसे ट्रान्सफर करा.

हे कळल्यावर मी काय केलं? त्याच नंबरवर फोन लावून भांडलो आणि रागाच्या भरात स्वतःचं नाव, कंपनी सगळं सांगून बसलो. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचं २००१ चं संशोधन हेच सांगतं: घाबरलेली माणसं धोक्याचा अंदाज जास्त लावतात, रागावलेली कमी. काकांना नसलेली अटक दिसली. मला समोर असलेला धोका दिसला नाही.

तिसरी भावना लाज. "लोक काय म्हणतील" म्हणून माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातात.

आमच्या कामात सर्व्हर डाऊन झाल्यावर काय करायचं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, कारण रात्री तीन वाजता कुणाचंच डोकं चालत नाही. घरासाठीही तसंच करा:

१. कॉल कट करा. वाद घालू नका, उलट फोनही करू नका.
२. घरातल्या एका माणसाला लगेच सांगा.
३. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कॉल करा.

हे आज आई-बाबांना सांगा. आणि उद्या ते फसलेच तर त्यांच्यावर ओरडू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.