दहा जणांच्या हातातले सॉमरसेट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट कौन्सिलमध्ये लोकांनी निवडून दिलेले ११० कौन्सिलर आहेत. कारभार मात्र कायद्याने जास्तीत जास्त दहा जणांच्या हातात दिला आहे. उरलेल्या शंभरांना भाषण करता येते, प्रश्न विचारता येतो, अर्थसंकल्पावर हात वर करता येतो. पण कुठली इमारत विकायची, कुठल्या सेवेतून अंग काढून घ्यायचे, कुणाचे अनुदान थांबवायचे, हे ठरवताना या शंभरांना कुणी विचारले नाही तरी काही बिघडत नाही. मी सॉमरसेटमधल्या टाँटनमध्ये राहतो, इथला कौन्सिल टॅक्स भरतो, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही मला इथल्या स्थानिक निवडणुकीत मत देता येते. माझ्यासारख्या लाखो मतदारांचे मत या रचनेने कवडीमोल केले आहे. इंग्लंडभर आता हीच रचना लादली जात असताना गप्प बसणे मला शक्य नाही.

हे घडले कसे ते आधी पाहू. ३१ मार्च २०२३ पर्यंत इथे दोन थर होते. वर काउंटी कौन्सिल, खाली मेंडिप, सेजमूर, साउथ सॉमरसेट आणि सॉमरसेट वेस्ट अँड टाँटन ही चार डिस्ट्रिक्ट कौन्सिल. शाळा, रस्ते, वृद्धांची आणि मुलांची देखभाल वरच्या थराकडे. कचरा, घरबांधणीचे परवाने, बेघरांची सोय खालच्याकडे. दोन्ही थर मोडून १ एप्रिलपासून एकच युनिटरी कौन्सिल आली. आधी पाचही संस्थांचे मिळून सुमारे २७० लोकप्रतिनिधी होते, ते ११० वर आले. आता एका कौन्सिलरच्या वाट्याला पाच हजारांहून अधिक माणसे येतात.

लोकांनी हे मागितले होते का? २०२१ साली चारही डिस्ट्रिक्ट कौन्सिलांनी मतदान घेतले. एक मोठी कौन्सिल हवी की पूर्व आणि पश्चिम अशा दोन, हा प्रश्न होता. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी दोन कौन्सिलांच्या बाजूने कौल दिला. मतदान जेमतेम पाव मतदारांनी केले, हे खरे. पण पाव मतदारांचा कौल अपुरा वाटत असेल, तर सर्वांना पुन्हा नीट विचारायला हवे होते. तसे झाले नाही. त्याच जुलैमध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी एका कौन्सिलची घोषणा केली आणि विषय संपवला. पूर्वेच्या फ्रोममध्ये राहणारा माणूस आणि पश्चिमेला समुद्रकाठच्या माइनहेडचा माणूस यांच्यात शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे. त्यांचे बाजार वेगळे, प्रश्न वेगळे. मधल्या लेव्हल्सच्या सखल पाणथळ भागाला पुराची चिंता, एक्समूरच्या डोंगरात एसटीसारखी गावोगाव जाणारी बस नसल्याची. या सगळ्यांचे स्थानिक सरकार एकच असावे, हे लंडनने ठरवले.

समर्थकांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि त्यातला एक भाग बरोबर आहे. दोन थरांमुळे माणूस गोंधळायचा. खड्ड्याची तक्रार एकीकडे, कचऱ्याची दुसरीकडे. पाच मुख्यालये आणि पाच वरिष्ठ अधिकारीवर्ग पोसण्यापेक्षा एक बरा, हेही पटण्यासारखे आहे. एकत्रीकरणाच्या प्रस्तावात वर्षाला १.८५ कोटी पौंडांच्या बचतीचे आश्वासन होते. प्रत्यक्षात काय झाले? एप्रिल २०२३ मध्ये कौन्सिल जन्माला आली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तिने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात सुमारे १० कोटी पौंडांची तूट दिसत होती.

ही तूट एकत्रीकरणानेच केली, असे मी म्हणणार नाही. वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीचा खर्च देशभर वाढला आहे आणि तो उचलण्याची सक्ती कायद्याने कौन्सिलांवर आहे. आधीच्या काउंटी कौन्सिलने काही वर्षे कर गोठवून ठेवला, त्याचीही किंमत आता मोजावी लागते आहे. पण मग माझा प्रश्न अधिकच टोकदार होतो. रोग पैशाचा होता, तर शस्त्रक्रिया लोकप्रतिनिधित्वावर का केली? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे. सोशल केअरचा खर्च कोण आणि कसा उचलणार, या प्रश्नाला सत्तेवर आलेल्या प्रत्येक सरकारने बगल दिली, आणि काहीतरी सुधारणा केल्याचे दाखवण्यासाठी नकाशावरच्या रेघा पुसल्या.

खरा घाव मात्र कारभाराच्या पद्धतीत आहे. २००० सालच्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने इंग्लंडच्या बहुतेक कौन्सिलांमधली जुनी समिती पद्धत, म्हणजे सर्व पक्षांच्या कौन्सिलरांच्या समित्यांनी निर्णय घेण्याची पद्धत, मोडून लीडर आणि कॅबिनेट आणले. कौन्सिल लीडर निवडते, लीडर आपले सहकारी नेमतो, अधिकार वाटतो. मे २०२२ च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सना ११० पैकी ६१ जागा मिळाल्या आणि कॅबिनेट पूर्णपणे त्यांचे झाले. उद्या दुसरा पक्ष आला तरी हेच होईल. माझे भांडण पक्षाशी नाही. ४९ कौन्सिलर निवडून देणाऱ्या मतदारांचा एकही माणूस निर्णयाच्या टेबलाशी नसतो. सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या लोकांचीही गत फारशी वेगळी नाही. स्क्रुटिनी समित्या आहेत, त्यांना एखादा निर्णय रोखून धरता येतो. पण रोखलेला निर्णय फेरविचारासाठी बहुधा त्याच कॅबिनेटकडे परत जातो, आणि कॅबिनेट तो जसाच्या तसा पुन्हा घेऊ शकते. या व्यवस्थेला देखरेख म्हणायला मी तयार नाही.

ज्या ब्रिटिश राजवटीत मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा झाला, तिने त्यात स्थायी समिती ठेवली. त्या कायद्यानुसार तिच्यात विरोधी पक्षाचे नगरसेवकही बसतात आणि खर्चाच्या प्रस्तावांवर मत देतात. तिच्यात गैरप्रकार होतात, हे प्रत्येक मुंबईकर जाणतो. तरीही विरोधकाला कागद पाहण्याचा आणि मत नोंदवण्याचा हक्क तिथे आहे. जी गोष्ट मुंबईसाठी योग्य मानली, ती इंग्लंडने स्वतःच्या गावांमधून काढून टाकली.

मग बिल कोणाच्या दारात येते? सर्वांत खालच्या थराच्या. युनिटरी कौन्सिलला साधारणपणे ४.९९ टक्क्यांहून अधिक करवाढ जनमत घेतल्याशिवाय करता येत नाही. २०२४ मध्ये सॉमरसेटने जास्त वाढीची परवानगी मागितली, सरकारने नाकारली. पुढच्या वर्षी ७.४९ टक्क्यांना संमती दिली. तिच्याही खाली गावपातळीवर असलेल्या टाउन आणि पॅरिश कौन्सिलांना मात्र अशी मर्यादा नाही. म्हणून सार्वजनिक शौचालये, बागा, हिरवळी, सीसीटीव्ही यांचा भार त्यांच्याकडे ढकलण्यात आला. ते नाही म्हणाले असते तर सेवा बंद पडली असती. त्यांनी हो म्हटले आणि अनेक गावांत स्थानिक कराचा हिस्सा भरमसाट वाढला. जबाबदारी आणि खर्च खाली गेले, निर्णयाचा अधिकार वरच राहिला. याला विकेंद्रीकरण म्हणणे ही लोकांची फसवणूक आहे.

मोठ्या कौन्सिलमुळे जवळीक हरवेल, या आक्षेपावर उत्तर म्हणून १८ लोकल कम्युनिटी नेटवर्क उभारली गेली. कल्पना चांगली होती. पण ती मुळात सल्लामसलतीची व्यासपीठे. ज्यांच्या शब्दाने एक पौंडही हलत नाही, त्यांच्या बैठकीला दमलेला माणूस संध्याकाळी का जाईल? लोकांना स्थानिक कारभारात रस नाही, हे मला कुणी सांगू नये. याच काउंटीतल्या फ्रोममध्ये अपक्षांच्या गटाने २०११ साली टाउन कौन्सिल जिंकली आणि २०१५ मध्ये सतराच्या सतरा जागा घेतल्या. सत्ता हाताला लागेल एवढ्या अंतरावर असली की माणसे पुढे येतात.

सॉमरसेटची ही कथा आता सगळीकडे लिहिली जाणार आहे. सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने दोन थर असलेल्या उरलेल्या सर्व २१ भागांत युनिटरी कौन्सिल आणण्याचे ठरवले आणि त्यासाठी साधारण पाच लाख लोकसंख्येचे माप दिले. त्या कामासाठी एसेक्स, नॉरफोक, सरे यांच्यासह नऊ भागांतल्या मे २०२५ च्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. सॉमरसेटचीही २०२१ ची निवडणूक अशीच एका वर्षाने लांबवली होती. लोकशाही सुधारण्यासाठी आधी मतपेटी बंद करणारे सरकार लोकांवर किती विश्वास ठेवते, ते यातून कळते. जुलै २०२५ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकाचा रोखही तोच: समिती पद्धत काढून तिच्या जागी लीडर आणि कॅबिनेट.

लोकांना काय हवे आहे, ते लोकांनी सांगितले आहे. शेफील्डमध्ये नागरिकांनी सह्या गोळा केल्या, मे २०२१ मध्ये जनमत झाले आणि सुमारे ६५ टक्क्यांनी समिती पद्धत परत मागितली. आमच्या शेजारच्या ब्रिस्टलने वर्षभरातच मेयरपद मोडून ५९ टक्क्यांनी तोच निर्णय घेतला. २०११ च्या लोकलिझम ॲक्टने पाच टक्के मतदारांच्या सह्यांवर असे जनमत घेणे कौन्सिलला बंधनकारक केले होते. सॉमरसेटमध्ये त्यासाठी एकवीस-बावीस हजार सह्या पुरल्या असत्या. हा हक्क काढून घेणाऱ्या प्रत्येक कलमाला विरोध झाला पाहिजे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सर्व पक्षांचे कौन्सिलर निर्णयात सहभागी असलेल्या समित्या परत आणा. लोकल कम्युनिटी नेटवर्कना ठरलेला निधी आणि तो खर्च करण्याचा अधिकार लेखी द्या. पॅरिशकडे सेवा ढकलायची असेल तर तिचा पैसा सोबत पाठवा. आणि कौन्सिल मोडायची किंवा जोडायची असेल तर तिथल्या मतदारांचा कौल मंत्र्यावर बंधनकारक करा.

मे २०२७ मध्ये सॉमरसेटची पुढची निवडणूक ठरलेली आहे. दारात येणाऱ्या उमेदवाराला खड्ड्यांबद्दल विचाराच, पण त्याआधी एक विचारा: निवडून आल्यावर तुझ्या पक्षाच्या हातातला कुठला अधिकार तू सोडणार आहेस? ज्याला याचे नेमके उत्तर देता येणार नाही, त्याला मत देऊ नका.