वाघ किती दूर आहे? नेम लागण्याआधीचा प्रश्न

गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. ऑगस्ट 2023 मध्ये याच रस्त्यावर कारच्या धडकेने एक तरुण वाघ दगावला. त्याआधी तीनच महिने ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या होत्या. राज्यात 2018 च्या गणनेत 312 वाघ होते, 2022 मध्ये ते 444 झाले. वाघ वाढले, जंगल तेवढेच राहिले. त्यामुळे धानाच्या बांधीत, मोहफुले वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना माणूस आणि वाघ समोरासमोर येण्याचे प्रसंग यापुढेही येणार.

असा वाघ पकडायचा तर त्याला दुरून बेशुद्ध करावे लागते. ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात 13 जणांचा बळी घेणारा सीटी-1 वाघ असाच जिवंत पकडला गेला. नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-1 म्हणजेच अवनी वाघीण मात्र गोळीने मेली आणि तिला मारलेल्या डार्टवरून पुढे चौकशा झाल्या. लोकांचे लक्ष बंदुकीकडे आणि औषधाकडे जाते. तिसऱ्या वस्तूची चर्चा क्वचितच होते. ती वस्तू म्हणजे अंतर मोजणारे लेझर यंत्र, रेंजफाइंडर.

डार्ट ही उडती सिरिंज आहे. तिच्यात बहुधा झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण असते. केटामिन तर माणसांच्या शस्त्रक्रियेतही भुलीसाठी वापरतात. रुग्णालयात परिचारिका हाताने स्नायू चाचपून सुई टोचते. इथे तीच सुई 30 मीटरवरून मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत जायला हवी. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तर बंदुकीतील वायूचा दाब अंतरावर. दाब जास्त झाला तर डार्ट खोल घुसतो, स्नायू फाटतो, हाड मोडू शकते. कमी पडला तर डार्ट आधीच जमिनीवर पडतो किंवा औषध अर्धवटच जाते. अर्धवट गुंगीतला, बिथरलेला वाघ हा सर्वांत धोक्याचा. पूर्ण मात्रा गेली तरी त्याला आडवा व्हायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात तो गर्दीत शिरू शकतो.

साधे गणित पाहू. डार्टचा वेग सेकंदाला 60 मीटर धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर 30 मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे सव्वा मीटर खाली येतो. नेम 30 मीटरचा धरला आणि वाघ प्रत्यक्षात 36 मीटरवर असला, तर डार्ट ठरल्या जागेच्या सुमारे 30 सेंटीमीटर खाली लागेल. मांडीऐवजी गुडघा. वाघ 24 मीटरवरच असेल तर डार्ट सुमारे 20 सेंटीमीटर वर लागेल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ. सहा मीटरची चूक ही संध्याकाळच्या उजेडात उंच गवताकडे पाहताना नजरेने सहज होणारी चूक आहे.

रेंजफाइंडर अदृश्य प्रकाशाचा ठोका सोडतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. 30 मीटरवर जाऊन परत येण्याचा हा वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या फक्त 200 पट असतो.

खरेदीत घोळ होतो तो इथेच. खोक्यावर 1000 किंवा 1500 मीटर असा मोठा आकडा असतो आणि तोच पाहून यंत्र निवडले जाते. तो आकडा लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीसाठी आहे. डार्टचे काम 10 ते 40 मीटरमध्ये संपते. तृणभक्षी प्राण्यांच्या मोजणीत रेषेवरून चालताना चितळ, सांबराचे अंतर याच यंत्राने मोजतात. तिथेही काही शे मीटरच्या पुढे जावे लागत नाही.

त्यामुळे पाहायचे ते वेगळेच. पहिले, जवळच्या अंतरावर यंत्र खरे मोजते का. एका मीटरची चूक चालेल, कारण वरच्या हिशेबात ती फक्त चार सेंटीमीटरची होते. दुसरे, समोरच्या गवताचे अंतर सोडून मागच्या वस्तूचे अंतर दाखवण्याची सोय आहे का. गोल्फसाठी बनवलेली यंत्रे बहुधा जवळची वस्तू धरतात, शिकारीसाठीची दूरची. तिसरे, अंधार पडताना आकडे वाचता येतात का. काळे आकडे काळ्या झाडीवर दिसत नाहीत. उतार-चढाच्या कोनाची सोय किंमत वाढवते, पण 6 मीटर उंच मचाणावरून 30 मीटरवर तिचा फरक जेमतेम 60 सेंटीमीटर. ती डोंगरउतारावर उपयोगी, धानपट्ट्यात नाही.

चौथी गोष्ट डोळ्यांची. बहुतेक यंत्रांचा किरण 905 नॅनोमीटरचा असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. म्हणून यंत्रावर ‘क्लास 1’ अशी खूण हवीच. अशा यंत्राने नेहमीच्या वापरात माणसाच्या किंवा वाघाच्या डोळ्याला इजा होत नाही. खूण नसलेली किंवा जुनी लष्करी यंत्रे मात्र घेऊ नयेत. अदृश्य किरणापुढे पापणी मिटत नाही आणि पडद्याला झालेली जखम दुखतही नाही.

यंत्र घेऊन कपाटात ठेवल्याने काहीच साधत नाही. शीघ्र बचाव दलाने पावसात, धुक्यात, गवतात, मोजपट्टीने आखलेल्या अंतरावर ते वारंवार तपासून पाहिले पाहिजे, कारण दव आणि धुके किरण विखुरतात. उरलेले काम गावकऱ्यांचे आहे. वाघाभोवती गर्दी जमली की तो जागा बदलत राहतो आणि मोजलेले अंतर दुसऱ्या क्षणी खोटे ठरते. वाघ स्थिर राहिला तरच डार्ट योग्य जागी लागतो, आणि तो स्थिर राहण्यासाठी माणसांनी लांब थांबावे लागते.